एकशे वीस पौंडांचा बेनाम मासा

मी पहिलीत होतो तेव्हा आजोबांच्या गोष्टीतला मासा दोन हात लांब होता. मी दहावीला जाईपर्यंत तो त्यांच्या खांद्याला लागायला लागला. वेळवंडीच्या डोहात, पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात धरलेली ती खडशी. दोघांनी काठीला बांधून घरी आणली, शेपूट वाटभर जमिनीला घासत होती आणि खवला एवढा मोठा, की आजीने त्यात हळदकुंकू ठेवलं. हळदकुंकवाचा तपशील मी आठवीत असताना गोष्टीत आला. त्याआधी तो नव्हता, हे मला पक्कं आठवतं.

बाबा हसायचे. मीही हसायचो. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर तर मी त्यांची उलटतपासणीच सुरू केली. वजन किती होतं? कुठल्या काट्यावर केलं? बघितलं कोणी? आजोबा म्हणायचे, "काटा कुठनं आणायचा रे? खाल्ला आम्ही तो."

ते गेले त्याला आता चार वर्षं झाली. कधीतरी रात्री, प्रॉडक्शनवर काहीतरी पडलेलं आणि दुसऱ्या टीमच्या उत्तराची वाट बघत बसलेलो असताना, मी सहज शोधायला लागलो : ज्याचं वजन खरंच झालं होतं, असा सर्वांत मोठा महाशीर कोणता? (आपल्याकडच्या खडशीला पुस्तकात महाशीर म्हणतात.) उत्तर दोन मिनिटांत मिळालं. पण ते उत्तर नेमकं कोणत्या माशाबद्दल आहे, हे कळायला बरेच महिने लागले.

२२ मार्च १९४६. नदी कबिनी, म्हणजे कावेरीची म्हैसूरकडची उपनदी. मासा १२० पौंड, साडेचोपन्न किलोच्या जरा आतबाहेर. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं वजन ५८ भरलं होतं, यावरून अंदाज करा. गळाने पकडणाऱ्याचं नाव डी वेट व्हॅन इन्जेन.

हे व्हॅन इन्जेन घराणं म्हणजे स्वतंत्र कादंबरीचा ऐवज आहे. म्हैसूरला त्यांचा पेंढा भरण्याचा कारखाना होता. राजेरजवाडे आणि गोरे साहेब वाघ-बिबटे मारायचे आणि कातडी म्हैसूरला पाठवायचे. तिथून जबडा उघडलेला, काचेच्या डोळ्यांचा वाघ परत यायचा. देशभरातल्या जुन्या वाड्यांमधल्या भिंतींवर जी मुंडकी दिसतात, त्यांतली कितीतरी या एका कारखान्यातून आलेली आहेत. वडिलांनी मुलांना बोअर युद्धातल्या सेनापतींची नावं दिली होती : बोथा, डी वेट, जूबर्ट. त्यांतल्या जूबर्टने वयाची शंभरी गाठली आणि तो २०१३ साली गेला. डी वेटच्या नावावर राहिला तो हा मासा. त्याचा विक्रम आजही मोडलेला नाही.

आधीचा विक्रमही याच खोऱ्यातला होता. १९१९ साली रिव्हेट-कारनॅक नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने ११९ पौंडांचा मासा काढला होता. सत्तावीस वर्षांनी तो विक्रम मोडला आणि तोही एका पौंडाने. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, म्हैसूर संस्थानात हत्ती पकडण्याचं काम बघणाऱ्या सँडरसनने दीडशे पौंडांच्या घरातल्या माशाबद्दल लिहून ठेवलं आहे. पण तो अंदाज. थोडक्यात, सँडरसनसाहेब आणि माझे आजोबा एकाच रांगेत.

जगातल्या नद्यांमध्ये याहून मोठे मासे आहेत, हे खरं. २००५ साली थायलंडमध्ये मेकाँग नदीत २९३ किलोचा कॅटफिश मिळाला होता. जून २०२२मध्ये कंबोडियात त्याच नदीत कोळ्यांच्या गळाला ३०० किलोचा पाकट लागला. त्याला खूण लावून परत सोडून देण्यात आलं. तरीही गळ टाकणाऱ्या इंग्रजांना वेड लावलं ते महाशीरनेच. तो राहतो खळाळत्या पाण्यात. गळ लागला की प्रवाहाच्या दिशेने असा सुटतो, की रिळावरची दोरी संपते. हेन्री सुलिव्हन थॉमस नावाच्या मद्रासच्या कलेक्टरने १८७३मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात महाशीरला विलायतेच्या सामनपेक्षा वरचढ ठरवलं. जिम कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ'मध्ये वाघांच्या मधोमध एक प्रकरण माशावर आहे, तेही महाशीरवरच.

गंमत म्हणजे या माशाच्या जबड्यात दात नसतात. दात असतात घशात. खेकडे, शिंपले, गोगलगायी तो गिळताना भरडतो. शिवाय काठच्या उंबरांची फळंही खातो. कावेरीवर त्याला फशी पाडायचं आमिष म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला, लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा गोळा. म्हणजे चोपन्न किलोचा विक्रमवीर नाचणीच्या उंड्याला भुलणारा.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. नदी, तारीख, वजन, माणसाचं नाव, सगळं नोंदीत आहे. पण 'मासा' या रकान्यात काय लिहिलंय? नुसतं 'महाशीर'.

महाशीर हे आडनाव आहे म्हणा ना. हिमालयात सोनेरी महाशीर, आपल्या सह्याद्रीत निळ्या परांचा आणि कावेरीच्या खोऱ्यात तिसरा : डोकं संपून पाठ सुरू होते तिथे चक्क कुबड असलेला, पर नारिंगी. गळवाले त्याला 'हंपबॅक' म्हणायचे आणि लांबूनही ओळखायचे. शे-सव्वाशे पौंडांचे ते जगप्रसिद्ध मासे या कुबडवाल्याचे होते. पण शास्त्राच्या वहीत त्याची नोंदच नव्हती. १८७३पासून लोक त्याच्यावर पुस्तकं लिहीत होते, त्याची मुंडकी भिंतीवर टांगत होते आणि त्याला धड लॅटिन नाव नव्हतं. मग पुस्तकं दुसऱ्याचंच नाव वापरायची. आणि ती दुसऱ्याची नावं, दोन्ही, पुणे जिल्ह्यातली निघाली.

त्यातलं पहिलं नाव माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसतं.

कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा माणूस १८२४मध्ये मुंबई सरकारचा 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' म्हणून नेमला गेला. पेशवाई बुडून जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि नव्या मुलखात काय काय आहे, हे मोजायची कंपनी सरकारला घाई होती. सायक्सने गावं, पिकं, बाजारभाव तर मोजलेच, पण पक्षी आणि मासेही सोडले नाहीत. आजच्या भाषेत डेटा अ‍ॅनालिस्ट. दख्खनच्या माशांवरचं त्याचं काम १८३९मध्ये लंडनला प्रसिद्ध झालं. त्यात 'मोटा मोला' नदीतल्या, पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवरच्या एका माशाचं वर्णन आहे. मोटा मोला म्हणजे आपली मुळा-मुठा. माशाला त्याने इथल्याच लोकांच्या तोंडचं नाव दिलं : खुद्री. शास्त्रात तो आज 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो. निळ्या परांचा महाशीर तो हाच.

आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर. जुन्या पुण्यापासून पूर्वेला तेवढं अंतर मोजलं तर बोट खराडी-मांजरीच्या आसपास येतं. माझं ऑफिस खराडीला आहे. सातव्या मजल्यावरच्या पँट्रीतून नदी दिसते. उन्हाळ्यात ती हिरवी असते, पाण्यामुळे नव्हे, जलपर्णीमुळे. पावसाळ्याच्या सुरुवातीला बंधाऱ्याखाली पांढरा फेस येतो आणि नवीन जॉइन झालेली मुलं त्याचे व्हिडिओ काढतात. एखाद्या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन जिथल्या नमुन्यावरून होतं, त्या जागेला अभ्यासकांच्या लेखी मोल असतं. शंका आली की तिथे परत जाऊन मासा बघायचा असतो. इथे परत येऊन काय बघणार?

दुसरं नाव शिरूरजवळच्या घोड नदीचं. सायक्सनेच तिथल्या एका मोठ्या माशाला 'मुसुल्ला' म्हणून नोंदवलं होतं. विसाव्या शतकाच्या शेवटी काही अभ्यासकांनी कावेरीचा कुबडवाला म्हणजेच हा मुसुल्ला, असं ठरवून टाकलं. पुढे इतरांनी सायक्सचं मूळ वर्णन पुन्हा नीट वाचलं, तेव्हा लक्षात आलं की तो मुळात महाशीरच नाही, वेगळाच मासा आहे. मधली कित्येक वर्षं कबिनीचा विक्रमवीर कधी खराडीच्या नावाने, तर कधी शिरूरच्या नावाने पुस्तकांत वावरत होता. आमच्याकडे एकाच ग्राहकाची दोन खाती एकत्र करताना तिसऱ्याचाच पत्ता चिकटतो, तसं.

नावात एवढं काय आहे, असं मलाही वाटलं होतं. पण याच चुकीमुळे पुढे जे घडलं, ते वाचून मी त्या रात्री लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ झोपलो नाही.

सत्तरच्या दशकापर्यंत सगळीकडेच महाशीर कमी होत चालला होता. धरणं बांधली गेली होती. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालतो, त्याची वाट अडली. जिलेटीनच्या कांड्या टाकून मासे मारणं तर राजरोस चाललं होतं. अशा वेळी लोणावळ्याला, टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात, महाशीरची कृत्रिम पैदास करून दाखवली गेली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ही त्यातली दोन मोठी नावं. धरणाच्या तलावातले नर-मादी धरायचे, मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यावर नराचं वीर्य सोडायचं आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये अंडी जपायची. आज वाचताना सोपं वाटतं. महाशीरच्या बाबतीत ते जमवणं ही मोठी गोष्ट होती आणि त्याचा अभिमान वाटावा अशीच होती. पुढे लोणावळ्याची पिल्लं पिशव्यांमधून देशभर गेली.

ती कावेरीतही गेली. कावेरीत महाशीर कमी झालाय ना, मग हे घ्या महाशीर. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, घेणाऱ्यांचाही. पण पिशवीत होता टॉर खुद्री, म्हणजे आपला निळ्या परांचा, भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातला. आणि नदीत आधीपासून राहत होता कुबडवाला. दोन्हीकडच्या कागदांवर एकच शब्द होता.

पुढचा भाग आकड्यांचा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त खुपतो.

कावेरीच्या एका पट्ट्यात गळवाल्यांच्या छावण्या होत्या. १९७०च्या दशकाच्या शेवटी काही इंग्रज तरुण इथे आले, त्यांनी नव्वद पौंडांच्या आसपासचे मासे काढले आणि संपलेला समजला जाणारा कावेरीचा राक्षस पुन्हा जगाच्या बातम्यांत आला. पाठोपाठ देशोदेशीचे लोक येऊ लागले. 'रिव्हर मॉन्स्टर्स'मधला जेरेमी वेडही १९८२मध्ये पहिल्यांदा भारतात आला तो महाशीरसाठीच. आमच्या पिढीने त्याला टीव्हीवर जेवताना बघितलाय. म्हणजे जेवत आम्ही होतो. नियम असा, की मासा पकडायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत सोडायचा. स्थानिकांना, त्यांत आधी चोरून मासे मारणाऱ्यांनाही, रखवालदार आणि वाटाडे म्हणून काम मिळालं. त्या पट्ट्यातले स्फोट थांबले. आणि प्रत्येक माशाची नोंद होऊ लागली. तारीख, तास, वजन.

२०१२च्या सुमारास अभयारण्यातल्या गळमासेमारीवर बंदी आली आणि छावण्या बंद पडल्या. वह्या मात्र उरल्या. एड्रियन पिंडर आणि राजीव राघवन या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत त्या वह्या उघडल्या. १९९८ ते २०१२, तेवीस हजारांहून जास्त तासांची गळमासेमारी, सहा हजारांहून जास्त मासे. एकूण आकडा बघितला तर चित्र छान होतं. तासाला मिळणारे महाशीर वर्षागणिक वाढत होते. संवर्धन यशस्वी! मग त्यांनी कुबडवाला आणि निळ्या परांचा असे दोन भाग केले. वाढत होता तो फक्त निळा. कुबडवाल्यांची संख्या घसरत चालली होती.

आणि जे थोडे कुबडवाले मिळत होते, त्यांचं वजन मात्र वाढत होतं. गळवाला यावर खूशच होणार. मोठा मासा लागला, फोटो काढला, घरी जाऊन भिंतीवर लावला. पण मोठेच मासे मिळतात आणि लहान मिळतच नाहीत, याचा अर्थ पिल्लं जगत नाहीत. म्हाताऱ्यांचं गाव झालं होतं ते. आपल्याकडे घाटात अशी गावं असतात, शाळा बंद पडलेली.

इथे माझं एक पाप सांगतो. आमच्या एका जुन्या कंपनीत मी डॅशबोर्ड बनवला होता. 'अ‍ॅक्टिव्ह युजर्स' असा एक मोठा हिरवा आकडा वर. तो सलग दोन तिमाही वाढला, आम्ही पिझ्झा मागवला. प्रत्यक्षात एका फुकट ऑफरमुळे नवे लोक येत होते आणि आधीपासूनचे, पैसे भरणारे, गुपचूप निघून जात होते. आकडा फोडून बघायला मला दहा मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत, कारण आकडा हिरवा होता. आमचं काय, ऑफर बंद झाली, काही लोक परतही आले. कावेरीतल्या माशाला परत यायला दुसरी नदी नाही.

मग २०१८ साल. जूनमध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात पिंडर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. लेखकांत पुण्याच्या आयसरमधले नीलेश डहाणूकरही आहेत. मोयार नदीतून मिळालेले कुबडवाले आणि त्यांचा डीएनए तपासून त्यांनी दाखवलं, की हा मासा 'टॉर रेमादेवी' आहे. हे नाव काही वर्षांपूर्वीच, केरळातल्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून, कुरूप आणि राधाकृष्णन या अभ्यासकांनी दिलेलं होतं. पांबारचं पाणी शेवटी कावेरीलाच मिळतं. जगातल्या गळवाल्यांचा राक्षस आणि पांबारमधला तो छोटा मासा एकच आहेत, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नाव आहे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामधल्या शास्त्रज्ञ के. रेमा देवी यांचं. कर्नल, कलेक्टर आणि हत्ती पकडणारे साहेब यांच्या दीडशे वर्षांच्या गर्दीनंतर माशाला नाव मिळालं ते सरकारी नोकरीत मासे तपासत बसलेल्या एका बाईंचं. मला हे फार आवडलं.

नाव मिळाल्यावरच धोक्याच्या जागतिक यादीत त्याला जागा मिळू शकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टॉर रेमादेवी थेट 'अतिसंकटग्रस्त' या गटात नोंदवला गेला. नष्ट होण्याच्या एक पायरी अलीकडे. त्याच यादीत टॉर खुद्रीचाही शेरा बदलला. तो आधी संकटग्रस्त होता, आता 'चिंता नको' गटात आला. जिथे तो मूळचा नव्हता, त्या नद्यांमध्येही तो सुखाने वाढतो आहे.

फक्त खराडीला नाही.

महाराष्ट्रात खडशी धडधाकट बघायची असेल तर महाडजवळ वाळणकोंडीला जावं. काळ नदीतला खोल डोह, काठावर वरदायिनीचं ठाणं, वर झुलता पूल. डोहातले मासे देवीचे, म्हणून कोणी मारत नाही. मी गेल्या डिसेंबरात गेलो होतो. चुरमुरे टाकले की काळ्याशार पाण्यातून आधी एक सावली वर येते, मग दहा, मग पाणी उकळल्यासारखं होतं. मासा उलटला की खवले चमकतात. पितळी नाण्यांची रास हलवल्यासारखे. त्यातल्या एकाचा खवला नीट दिसला. माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा बराच मोठा. त्यात हळदकुंकू राहिलं असतं का? चिमूटभर, हो, राहिलं असतं.

परत आल्यावर एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी नदीकाठी उतरलो. बंधाऱ्याजवळ एक काका गळ टाकून बसले होते. शेजारी प्लॅस्टिकची बादली, त्यात चार चिलापी. हीसुद्धा परदेशातून आणलेली, आता सगळीकडे तीच.

"खडशी लागते का हो इथे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या आयडी कार्डाकडे बघितलं.

"खडशी? ती वर, मुळशीच्या अंगाला. हितं कुठली आता." थोडं थांबून म्हणाले, "आमचा बाप धरायचा हितंच. एवढी." आणि गळ मांडीखाली दाबून त्यांनी दोन्ही हात पसरले.

वजन किती होतं, हे मी विचारलं नाही.